मीटरवर २८

सिगारेट सोडून बारा दिवस झाले होते आणि मीटरवर आकडा आला २८.

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात हा मीटर म्हणजे निकालपत्र. दीर्घ श्वास घ्यायचा, १५ सेकंद रोखायचा, मग नळीतून सावकाश, फुप्फुस रिकामं होईपर्यंत सोडायचा. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे धुरातून रक्तात जाणारा विषारी वायू, पीपीएममध्ये (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) कळतो. ६ च्या खाली आला तर माणूस धूम्रपान करत नाही, असं आम्ही धरतो. रक्तातला हा वायू चार-पाच तासांत निम्मा होतो. म्हणजे २८ ही कालची शिल्लक नव्हती, त्याच सकाळची काहीतरी गोष्ट होती.

बाई ३६ वर्षांच्या, हिंजवडीत रात्रपाळीला. रोजच्या १४ सिगारेटी. पहिल्या दिवशी मीटर १९, सोडल्यानंतर पाचव्या दिवशी ३. त्या दिवशी त्या संध्याकाळी, कामावर जाताना आल्या होत्या. आता सकाळी साडेआठला बसल्या होत्या आणि म्हणत होत्या, "मॅडम, एकही ओढलेली नाही."

दहा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं. २७. आमचे एक सहकारी बाहेर येऊन मला म्हणाले, "खोटं बोलतेय, सगळेच बोलतात." मला हे वाक्य आवडत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया २ टक्के होत्या, आणि मिश्री-तंबाखूसारखं धूरविरहित सेवन करणाऱ्या १२.८ टक्के. त्या दोन टक्क्यांतली बाई घरापासून, सासरपासून, कधी डॉक्टरपासूनही लपवत असते. ती आमच्या दारात येते तेव्हा तिने आधीच बरंच धाडस केलेलं असतं. तिला खोटारडी ठरवलं की ती परत येत नाही.

निकोटिनची गोळी चघळल्याने कार्बन मोनॉक्साइड वाढत नाही, तेव्हा ती शंका बाद. दूध न पचणाऱ्यांच्या श्वासात हायड्रोजन असतो आणि काही मीटर त्यालाही फसतात. विचारलं, तसा पोटाचा काही त्रास नव्हता. मग त्यांची वही उघडली.

वहीबद्दल सांगायला हवं, कारण आमची सजगतेची सगळी पद्धत तिच्यावर उभी आहे. पहिल्या आठवड्यात सिगारेट बंद करायला सांगत नाही. ओढा, पण सोबत चहा नाही, फोन नाही, मैत्रीण नाही. फक्त सिगारेट. वास, पहिल्या झुरक्याची चव, घशातली जळजळ, सगळं लिहायचं. बाईंनी लिहिलं होतं, 'ओल्या राखेसारखं.' सोडल्यावर चार पायऱ्या: तलफ ओळखायची, तिला असू द्यायचं, ती अंगात कुठे आहे ते न्याहाळायचं, आणि तिला नाव द्यायचं. 'घसा कोरडा. छातीत पोकळी. बोटांत चुळबुळ.' लाट साधारण तीन ते पाच मिनिटांत ओसरते.

चुकतं ते असं, की माणूस दर दहा सेकंदांनी 'गेली का?' बघतो. ते बघणं म्हणजे झुंजच, आणि झुंजलं की लाट लांबते. दुसरी अडचण श्वासाची. आधीच धास्तावलेल्या बाईला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं तर धडधड वाढते. या बाईंना तसंच झालं, म्हणून लक्ष तळपायांवर नेलं. दोन कॉलच्या मधे, डोळे उघडे ठेवून, बुटातली बोटं, टाच, जमिनीचा दाब. हे त्यांनी इतकं छान साधलं होतं की मी इतरांना त्यांचं उदाहरण देत होते, नाव न घेता.

त्या वहीत बारा दिवसांत नऊ वेळा 'डोकं जड' होतं. मी ते पाहिलेलं होतं आणि माझ्याकडे उत्तरही तयार होतं. सिगारेटचा धूर बंद झाला की यकृत कॅफीन सावकाश काढतं, तीच कॉफी जास्त चढते. म्हणून मी त्यांच्या पाच कॉफ्या दोनवर आणल्या होत्या. कॉफी कमी केली की डोकं दुखतं. निकोटिन सुटतानाही दुखतं. मी सांगितलं होतं, "घाबरू नका, नुसतं न्याहाळा."

या वेळी पहिल्यांदा वेळेचा रकाना नीट वाचला. नऊही नोंदी सकाळी सात ते साडेसातच्या. तलफेचं डोकं असं घड्याळ लावून येत नाही.

"सात वाजता काय करता?"

"घरी आले की आंघोळ."

"पाणी कशावर तापतं?"

गॅस गीझर. बाथरूमच्या आतच. डिसेंबरची थंडी, दार बंद, आणि कबुतरं येतात म्हणून झरोक्याला प्लास्टिक ठोकलेलं. ज्योत कशी दिसते विचारलं, तर पिवळी. ज्योत निळी हवी. पिवळी म्हणजे गॅस अर्धवट जळतोय, आणि त्यातून हाच कार्बन मोनॉक्साइड निघतो.

तिथूनच त्यांच्या यजमानांना फोन लावायला सांगितलं: गीझर बंद करा, प्लास्टिक काढा आणि इकडे या. त्यांनी आयुष्यात सिगारेट ओढलेली नव्हती. नुकतीच आंघोळ करून आले. मीटर १७. मुलगीही शाळेत जायच्या आधी तिथेच आंघोळ करायची. तिघांनाही आमच्या फिजिशियनकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी बाई त्याच वेळेला, घरी आंघोळ न करता आल्या. २.

आमच्या फॉर्मवर 'सोडली' आणि 'पुन्हा सुरू' एवढेच दोन चौकोन आहेत. वाढलेल्या आकड्याचं तिसरं कारण लिहायला जागाच नाही. पाणी कशावर तापतं, हे मी आता प्रत्येकीला विचारून समासात लिहिते.

त्यांची वही अजून माझ्याकडे आहे. शेवटची नोंद: 'डोकं जड, मळमळ. पळाले नाही. पाहत राहिले. बाहेर आल्यावर गेलं.' तिच्यापुढे, आणि आधीच्या आठांपुढेही, माझ्या हातची बरोबरची खूण आहे.