वारं तुझ्याकडं हाय

पुण्यातली नोकरी सोडून वसमतला परतले तेव्हा माझ्या फोनात सेंद्रिय शेतीचे ७ व्हॉट्सॲप ग्रुप होते. वाटलं, आता माणसांची काय कमी! पहिल्याच श्रावणात दीड एकर हळदीतले दोन गादीवाफे पिवळे पडले. फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत ११ उपाय आले, ताकापासून हिंगापर्यंत. पाणी साचतंय का, हे एकानंही विचारलं नाही.

ते विचारलं निंदायला येणाऱ्या मावशींनी. खुरप्यानं एक झाड उकरून त्यांनी गड्डा दाबला. पचकन घाण वासाचं पाणी आलं. कंदकुज. मग उघडे पडलेले गड्डे दाखवून म्हणाल्या, "ह्याच्यावर माशी बसती बाई. माती कधी लावणार?" भरणी मी दोन आठवडे पुढं ढकलली होती. चर खणून पाणी काढलं, भरणी केली, परभणीच्या कृषी विद्यापीठातून बायोमिक्स, म्हणजे उपयोगी जिवाणू-बुरशींचं मिश्रण, आणून झाडांच्या मुळाशी ओतलं. सडलेलं गेलंच, बाकीचं राहिलं.

प्रमाणपत्राचं वेगळंच. खासगी संस्थेची फी मला झेपणारी नव्हती, म्हणून पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटानं एकमेकांची हमी घेऊन मिळवायचं सेंद्रिय प्रमाणपत्र. त्यात किमान ५ शेतकऱ्यांचा गट लागतो आणि एकमेकांची शेतं आपणच तपासायची. चौघं झालो, पाचव्यासाठी सोयरीक जुळवावी तसे उंबरे झिजवले. पहिल्या तपासणीत सापडले मीच. जीवामृत फवारायला उसना आणलेला पंप गटातल्या दादांनी उघडला, वास घेतला आणि म्हणाले, "ताई, ह्यात तणनाशक होतं." चारचौघांत असं म्हणाले याचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी स्वतःचा पंप घेतला.

पण सगळ्यात उपयोगी माणूस गटात नाहीच. बांधाला लागून ज्यांचं सोयाबीन आहे ते काका पक्के रासायनिकवाले. त्यांचा फवारा माझ्या हळदीवर उडतो म्हणून चार गोष्टी सुनवायच्या ठरवून मी गेले आणि चहा पिऊन आले. बांधालगतच्या चार ओळी मी सेंद्रिय म्हणून विकत नाही, हे सांगितल्यावर ते हसले होते. तेव्हापासून फवारणीआधी फोन येतो: "वारं तुझ्याकडं हाय, उद्या मारतो." हळद शिजवायचा कुकरही त्यांचाच. हंगामात ड्रम धुऊन पहिला घाणा माझा लावतात.

मी त्यांचा पीकविम्याचा ऑनलाइन अर्ज भरून देते. यंदा ते भावकीतले आणखी सहा जण घेऊन आले होते, सगळ्यांचे सातबारे एकाच पिशवीत.