टेबल कुठून आणायचं?

पोस्टरवर एक गुटगुटीत मुलगा होता, डायनिंग टेबलखाली बसलेला, दोन्ही हातांनी टेबलाचा पाय धरून. मागे सोफा, भिंतीवर घड्याळ. खाली तीन चौकटींत भूकंपात काय करायचं ते लिहिलं होतं, वाका, आडोसा घ्या, धरून ठेवा. असले साठ पोस्टर गाडीत टाकून आम्ही डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडीच्या बाजूच्या एका पाड्यावर निघालो होतो. फेब्रुवारी 2019 ची गोष्ट आहे.

तिकडे नोव्हेंबर 2018 पासून जमीन हलत होती. रोज, कधी दिवसातून पाच-सहा वेळा, आणि प्रत्येक धक्क्याच्या आधी खालून सुरुंग उडाल्यासारखा आवाज. धक्के कमी खोलीवरचे असले की असा आवाज येतो, त्यामुळे छोटा धक्कासुद्धा अंगावर आल्यासारखा वाटतो. 1 फेब्रुवारीला 4.1 चा झाला, त्या दिवशी घाबरून घराबाहेर पळताना पडून एक दोन वर्षांची मुलगी गेली. घर पडून नाही, पळताना. हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

माझं काम खरं म्हणजे मशीनचं. सिस्मोमीटर, म्हणजे जमिनीचे हादरे मोजणारी यंत्रं, बसवायचे, बॅटरी, सोलर, जीपीएसची वायर उंदरांनी कुरतडली का बघायचं, डेटा काढून आणायचा. पण कंत्राटी माणसाला कोणीही कुठेही पाठवतं, तसं मला जनजागृतीला पाठवलं. निघताना साहेबांनी सांगितलं, जास्त बोलू नका, हे स्वार्म आहे, म्हणजे छोट्या धक्क्यांचा थवा, मोठा काही होणार नाही एवढं सांगा आणि या. साहेब वाईट माणूस नाही, त्यांना फक्त आणखी घबराट नको होती.

अंगणवाडीच्या ओट्यावर चाळीसेक लोक जमले, बायका जास्त. वारली भाषा मला अर्धीमुर्धीच कळायची म्हणून अंगणवाडीताई मधे बसून समजावत होत्या. मी पोस्टर धरून सुरू केलं, धक्का आला की टेबलखाली जा वगैरे. पुढे बसलेल्या एक आजी शांतपणे ऐकत होत्या, मग ताईंना काहीतरी म्हणाल्या आणि सगळ्या बायका हसायला लागल्या. ताई म्हणाल्या, "मॅडम, आजी विचारते, टेबल कुठून आणायचं?"

मी आजूबाजूला बघितलं. त्या अख्ख्या पाड्यात टेबल म्हणावं असं एकच, अंगणवाडीतलं, आणि त्यावर पोषण आहाराची गोणी.

पोस्टर गुंडाळून ठेवलं आणि म्हटलं चला आजी, तुमचं घर बघू. घर कुडाचं, कारवीच्या काड्या उभ्या करून शेणामातीने लिंपलेलं, वर कौलं. चार महिने हलतंय तरी भिंतीला नुसते पोपडे, कारण ती भिंत हलकी, लवचिक, पडली तरी माणूस चेंगरत नाही. आणि शेजारी लागून त्यांचं नवीन घरकुल, विटांचं, कोपऱ्यात ना कॉलम ना दारावर आरसीसीची पट्टी, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेलेली, माझं बोट आत जात होतं. आजीची खाट नेमकी त्या चिरेखाली. "पक्कं घर आहे ना," आजी म्हणाल्या. काय बोलणार यावर.

मग एक पोरगा विचारायला लागला की खाली ज्वालामुखी आहे का, वज्रेश्वरीला गरम पाणी येतं म्हणजे खाली आग असणारच. खरं सांगते, प्रश्न मूर्खपणाचा अजिबात नाही, आपला सगळा काळा दगड लाव्हाचाच आहे की. पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच थंड झालेला. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. ज्वालामुखी जागा व्हायचा तर जमीन फुगते, वायू बाहेर पडतात, तसलं इथे काही नव्हतं. देशात जागा ज्वालामुखी एकच, अंदमानात बॅरन बेटावर, तिथे वस्तीच नाही. हे ऐकून त्याचा चेहरा जरा पडलाच.

मशीन काय करतं ते दाखवायला पोरांना सेन्सरजवळ उड्या मारायला लावल्या, लॅपटॉपवर रेघ नाचायला लागली की पोरं अजून जोरात. आणि त्या गोंधळातच धडाम. खालून. पोरं जागच्या जागी थांबली, रेघ मात्र थांबली नाही, स्क्रीनभर फिस्कटली. दोन-तीन सेकंद, बस. बायका उठून पळायला लागल्या, एकीच्या कडेवर बाळ, पायात पदर, ओट्याच्या पायरीवर ती अडखळली आणि अंगणवाडीताईंनी दंड धरला म्हणून वाचली. मी "बसा बसा" ओरडत होते आणि उभी मीच होते.

सगळं शांत झाल्यावर आजींनी विचारलं, लहान लहान येऊन मग मोठा आला, असं कुठं झालंय का?

साहेबांचं वाक्य तयार होतं तोंडात. पण मी उमरगा तालुक्यातली. आमच्याकडे 1992 च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत असेच धक्के येत होते, 18 ऑक्टोबरला चारच्या आसपासचा झाला, लोक शेतात झोपले, मग थांबलं आणि सगळे घरात आले. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाची माती. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जन करून झोपलेली माणसं, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, किल्लारीचा भूकंप. दहा हजारांच्या आसपास गेली. इटलीत ला'क्विलाला पण 2009 मध्ये लोकांना निवांत राहा सांगितलं गेलं, आठवड्यात 6.3 चा आला, 309 माणसं गेली आणि शास्त्रज्ञ कोर्टात.

म्हणून मी सांगितलं, हो, झालंय, आमच्याकडेच झालंय. आणि बहुतेक ठिकाणी असे धक्के येऊन आपोआप थांबतात हेही सांगितलं. इथे काय होईल ते मला माहीत नाही, मशीनलाही नाही. वाटलं आता गोंधळ होणार. काही झालं नाही. आजी म्हणाल्या, बरं, मग खाट कुठं ठेवू?

त्यानंतरचा तासभर खरं काम झालं. खाट विटांच्या भिंतीपासून लांब, कुडाच्या बाजूला. दाराच्या वाटेत पिंप नको, लाकडं नको. माळ्यावरचं जड सामान खाली. दाराशीच असाल तर बाळाला घट्ट धरून बाहेर, आत असाल तर जागेवर बसून डोक्यावर हात, धावाधाव नाही.

पोस्टर परत नेले, त्यावरून बोलणी खाल्ली ते सोडा.

पंधरा दिवसांनी बॅटरी बदलायला गेले तर आजी कुडाच्या घरात आरामात बसलेल्या. घरकुलाचं काय केलं विचारलं तर म्हणाल्या, शेळ्या बांधल्यात. फोटो काढायला माणूस येतो तेव्हा बाहेर काढतो.