आमची वाटचाल : सुकल्या मण्यांची वाईन

आमचे मूळ घर निफाड तालुक्यातले. तिथल्या बागेत गोडी छाटणी झाली की वडिलांची सगळी धडपड घडाला बुरशी लागू नये एवढ्यासाठीच चाले. अवकाळी पावसाने मणी तडकले की चार दिवसांत त्यांच्यावर राखाडी लव धरे. मग ते घड कात्रीने कापून बांधावर टाकावे लागत, आणि त्या दिवशी घरात कोणी फारसे बोलत नसे. अशा घरातल्या मुलाने ठाण्यात, नौपाड्यातल्या एका गाळ्यात बसून, बुरशी लागलेल्या द्राक्षांचीच वाईन परदेशातून मागवावी, हे वडिलांना पटायला काही वर्षे लागली.

बुरशी मात्र तीच आहे, बोट्रायटिस सिनेरिया. फरक आहे तो हवामानाचा. हंगेरीतल्या टोकायला बोद्रोग आणि तिसा या नद्या एकमेकींना मिळतात, तर फ्रान्समधल्या सोटर्नला सिरॉनचे थंड पाणी कोमट गरोन नदीत येते. त्यामुळे दोन्हीकडे शरदात पहाटे दाट धुके आणि दुपारी स्वच्छ ऊन, असा क्रम जमतो. धुक्याच्या ओलीत बुरशी पिकलेल्या मण्याच्या सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, दुपारच्या उन्हात त्या छिद्रांतून पाणी उडून जाते, आणि साखर व आम्ल दोन्ही आटून घट्ट होतात. ऊन पडलेच नाही आणि पाऊस लागून राहिला, तर तिथेही आमच्या बांधावरचीच गत होते. आपल्याकडे द्राक्ष पिकते जानेवारी ते मार्चच्या कोरड्या दिवसांत, म्हणून गावाकडेच ही वाईन करून पाहावी हा विचार आम्ही एका हंगामातच सोडून दिला.

ज्या कुटुंबाकडून आम्ही माल घेतो, त्यांची टोकायची बाग साम्यवादी राजवटीत सरकारी शेतीत गेली होती आणि १९९० नंतर ती त्यांनी पुन्हा उभी केली. तिथल्या तोडणीत मजूर अख्खा घड तोडत नाहीत, तर मनुक्यासारखा सुकलेला एकेक मणी वेचतात, आणि त्यासाठी त्याच वेलीकडे पुन्हा पुन्हा यावे लागते. या मण्याला ते ‘आसू’ म्हणतात. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘सुकलेला’ असा आहे, पण मराठी माणसाच्या मनात पहिल्यांदा भलतेच येते, आणि मण्यांच्या राशीखाली केवळ त्यांच्याच वजनाने थेंबथेंब गळणारा रस, ज्याला एसेन्सिया म्हणतात, तो पाहिला की ते फारसे भलतेही वाटत नाही. पूर्वी १३६ लिटरच्या पिंपाला सुमारे २५ किलोच्या किती टोपल्या मणी घातले, त्यावर वाईनची प्रत ठरे. या टोपलीला पुत्तोन्य म्हणतात. २०१३च्या हंगामापासून नियम कडक झाले, आणि आता आसू म्हणवून घ्यायला लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर लागते. एवढ्या साखरेची वाईन पाकासारखी लागत नाही याचे श्रेय फुरमिंट या द्राक्षाच्या कडक आंबटपणाला आहे.

धंद्याची सुरुवात मात्र गोड नव्हती. १५० टक्के शुल्क, उत्पादन शुल्क खात्याकडे प्रत्येक लेबलची नोंदणी, आणि जाहिरात करण्याची सोय नाही, हे सगळे हिशेबात धरले होते. मे महिना तेवढा धरला नव्हता. पहिला माल साध्या कंटेनरमधून न्हावाशेवाला उतरला आणि आमच्या सीएचएने, म्हणजे सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्या एजंटाने, कागदपत्रांत केलेल्या चुकीमुळे १९ दिवस उन्हात पडून राहिला. गोदामात खोकी उघडण्याआधीच त्यांच्यावर मुंग्यांची रांग दिसली. आतल्या बाटल्यांची बुचे उष्णतेने ज्वारीच्या दाण्याएवढी वर सरकली होती, वरचे वेष्टण फुगले होते आणि मानेवरून मधासारखा ओघळ सुकला होता. चव पाहिली तेव्हा करपलेल्या गुळाची आठवण झाली. तो सगळा माल नष्ट करावा लागला. त्या दिवशी बांधावर घड टाकणारे वडील मला जरा जास्त समजले.

दुसरी चूक माझी स्वतःची होती. ही वाईन गोड, म्हणून मी ती हॉटेलवाल्यांना गुलाबजाम आणि श्रीखंडाबरोबर सुचवत राहिलो. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन आंबट आणि पातळ लागते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते, तरी ग्राहकांच्या तोंडावरून ते कळायला दीड वर्ष गेले. पुढे घोडबंदर रस्त्यावरच्या एका हॉटेलात शेफने ती तिखट कोळंबीबरोबर आणि खाऱ्या, निळ्या बुरशीच्या चीजबरोबर द्यायला सुरुवात केली, आणि तिथून मागणी खऱ्या अर्थाने लागली. घरी आम्ही ती दिवाळीच्या चिवड्याबरोबर घेतो. हे टोकायच्या कुटुंबाला अजून सांगितलेले नाही.

मोठ्या बाटल्या आम्ही जवळपास बंद केल्या आहेत, कारण ही वाईन एका बैठकीत घोटभरच घेतली जाते, आणि छोट्या बाटलीमुळे नवा माणूस किमतीला घाबरत नाही. माल आता फक्त डिसेंबर ते फेब्रुवारीत आणि थंड कंटेनरमधूनच येतो. गाळ्याच्या मागची खोली आम्ही १३ अंशांवर ठेवतो. मुलगी हिशेब आणि परवाने पाहते, ती आली तेव्हापासून नूतनीकरणाची तारीख एकदाही चुकलेली नाही. नवा माल आला की प्रत्येक खोक्याच्या कडेवरून बोट फिरवून कुठे चिकट लागते का, हे पाहण्याचे काम तेवढे मी कोणाला दिलेले नाही.