तुम्ही विचारलंत म्हणून: बंदुकीचं काम शिकायला कुठल्या शाळेत जावं?

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि तेव्हापासून माझ्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात हा प्रश्न वाढला. “काका, पोराला बंदूकदुरुस्ती शिकवायची आहे. चांगली शाळा कुठली?”

बाहेरच्या देशांत चांगल्या शाळा आहेत. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या ट्रिनिडाडच्या कॉलेजात १९४७ पासून हे शिकवतात. ऑस्ट्रियातलं फेर्लाख आणि बेल्जियममधलं लीएज ही तर बंदूक कारागिरांचीच गावं. ऐपत असेल तर जरूर पाठवा. पण परत येऊन इथे दुकान टाकायचं असेल तर १९५९ चा शस्त्र कायदा आधी वाचा. बंदूक बनवायलाच नव्हे, नुसती दुरुस्त करायलाही परवाना लागतो, आणि पदविका म्हणजे परवाना नव्हे.

माझं उत्तर ठरलेलं आहे: आयटीआय, फिटर ट्रेड, दोन वर्षं. हे ऐकून आईबापांचा चेहरा उतरतो, तरी मी तेच सांगतो.

आम्हाला पहिल्या दिवशी लोखंडी पट्टीचा तुकडा आणि कानस दिली होती. पट्टी सपाट करायची, मग गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून खिडकीसमोर धरायची; मध्ये फट राहिली तर उजेड दिसतो. सर लांबूनच म्हणायचे, “उजेड दिसतोय.” की पट्टी पुन्हा शेगड्यात (व्हाइसमध्ये), पुन्हा कानस. तळव्याला फोड आले, फुटले, घट्टे पडले. पुढे उस्तादांकडे दस्ता, म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, बसवायला शिकलो तेव्हा ती नजर कामी आली. दिव्याची काजळी बंदुकीच्या लोखंडाला धरायची, ते अक्रोडाच्या लाकडात दाबायचं आणि जिथे काळं उमटेल तेवढंच पटाशीनं काढायचं. एका दस्त्याला शंभरदा तरी तेच. घाई केली की लाकूड वाया.

आणि घाई नुसत्या लाकडाला भोवत नाही. बार उडतो तेव्हा बंदूक माणसाच्या गालाला टेकलेली असते. मागच्या बाजूला, काडतूस भरायच्या तोंडाशी, नीट न बसणारी नळी मी हातात घेतो तेव्हा मला तो गाल दिसतो.

सहा महिन्यांत ‘तज्ज्ञ’ करून देणाऱ्या एका संस्थेचं प्रमाणपत्र घेऊन एक मुलगा माझ्याकडे आला होता. फी भरायला वडिलांनी म्हैस विकली होती. त्याला कानस धरता येत नव्हती. मुलगा हुशार होता, म्हणून जास्त वाईट वाटलं.

आयटीआयनंतर ईशापूर, कानपूर, तिरुचिरापल्ली इथल्या सरकारी शस्त्र कारखान्यांची अप्रेंटिस भरती निघते का यावर लक्ष ठेवा. तिथे नाही जमलं तर परवाना असलेल्या जुन्या दुकानदाराच्या हाताखाली राहता येतं का ते विचारा.

शाळा बघायला जाल तेव्हा मशीन किती आहेत ते नंतर मोजा. आधी मागच्या वर्षीच्या पोरांनी घासलेल्या पट्ट्या मागा, आणि गुण्या लावून खिडकीशी धरा.