मैत्रिणीबरोबर जपान : टोकियो ते ओसाका

जपानच्या पर्यटक व्हिसासाठी पारपत्र, छायाचित्र, आयकर विवरणपत्रे आणि बँकेचे उतारे यांच्या जोडीला मुक्कामाचा दिवसवार तक्ता द्यावा लागतो. कोणत्या तारखेला कोणत्या शहरात असणार, काय पाहणार आणि रात्री कोठे उतरणार, हे सारे त्यात लिहायचे असते. पुष्कळ जण हा तक्ता एजंटाकडून भरून घेतात आणि विसरून जातात. मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण यांनी मात्र तो माझ्या घरी बसून स्वतः भरला, आणि तसे करताना आमचे जे काही मतभेद व्हायचे होते, त्यांतले बरेचसे विमानात बसण्यापूर्वीच होऊन गेले.

तिला विणकाम, भांडी आणि बाजारपेठा यांत रस आहे; मला बागा आणि देवळे पाहायची होती. ती पूर्ण शाकाहारी, मी मासे खाते. ती पहाटे उठते, मी आठापूर्वी बोलत नाही. चाळीस वर्षांच्या मैत्रीत या गोष्टी कधी आड आल्या नव्हत्या, कारण आम्ही सलग दोन रात्रींपेक्षा अधिक काळ एका खोलीत कधी राहिलोच नव्हतो. म्हणून तक्त्यात आम्ही क्योतोच्या मुक्कामातले दोन दिवस ‘वेगवेगळे’ म्हणून आपापसांत राखून ठेवले. कागदावर अर्थातच दोघींच्या नावापुढे एकच कार्यक्रम होता. तो तंतोतंत पाळलाच पाहिजे असे बंधन पर्यटकावर नसते.

हा व्हिसा दिल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो. नोव्हेंबरमधल्या पानगळीच्या रंगांसाठी जायचे होते, तेव्हा अर्ज सप्टेंबरच्या अखेरीस केला. भारतातून जाणाऱ्यांना २०२४ च्या एप्रिलपासून एकवेळ प्रवेशाचा पर्यटक व्हिसा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळतो. तो पारपत्रावर चिकटवलेला नसतो, तर विमानतळावर फोनमध्ये संकेतस्थळ उघडून दाखवायचा असतो. छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. त्यामुळे जपानमध्ये उतरताक्षणी फोनला इंटरनेट मिळेल याची तजवीज मुंबईतच केलेली असणे आवश्यक आहे, आणि दोघींची सोय एकाच फोनवर अवलंबून ठेवू नये.

विमानाचे तिकीट आम्ही जाताना टोकियोचे आणि येताना ओसाकाचे असे काढले. जाऊन-येऊन टोकियोच धरले असते, तर शेवटी ओसाकाहून टोकियोला परतण्यासाठी प्रत्येकीला रेल्वेचे सुमारे चौदा हजार येन आणि जवळजवळ अर्धा दिवस खर्ची घालावा लागला असता. आमचा मार्ग टोकियो, कानाझावा, क्योतो, हिरोशिमा आणि ओसाका असा, बऱ्याच अंशी एकाच दिशेने जाणारा ठरला.

रेल्वेच्या पासाबद्दल सर्वांत जास्त सल्ले मिळाले, आणि त्यांतले बहुतेक जुने होते. संपूर्ण देशात चालणारा सात दिवसांचा जपान रेल पास पूर्वी २९,६५० येनना मिळत असे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून तो ५०,००० येन झाला. आमच्या मार्गाची सुटी तिकिटे त्याहून कमी पैशांत बसत होती, शिवाय मुक्काम सात दिवसांत मावणारा नव्हता. पास घेतला नाही. ज्यांना ठरावीक दिवसांत फार लांबचे टप्पे गाठायचे आहेत, त्यांना तो अजूनही परवडू शकेल. पण बेरीज केल्याशिवाय तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

सामानाचा विचार त्याहून महत्त्वाचा निघाला. टोकियोहून क्योतोकडे आणि पुढे हिरोशिमाकडे जाणाऱ्या शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेगाडीत बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल, तर सामानाच्या जागेसह आसन आधी राखून ठेवावे लागते. आमच्या बॅगा त्याहून लहान होत्या, तरीही जिने, सरकते जिने आणि गर्दी यांतून दोन बायकांनी त्या ओढत नेण्यात काही शहाणपण नव्हते. जपानमध्ये ताकुहाइबिन नावाची घरपोच सामान पाठवण्याची उत्तम व्यवस्था आहे. टोकियोच्या हॉटेलच्या काउंटरवर आम्ही मोठ्या बॅगा क्योतोच्या हॉटेलच्या पत्त्यावर, पोहोचण्याची तारीख लिहून सोपवल्या आणि कानाझावाला पाठीवरच्या पिशव्या घेऊन गेलो. पुढचा प्रवास त्यामुळे किती सुकर झाला, हे त्सुरुगा स्थानकात कळले. होकुरिकु शिंकान्सेन २०२४ च्या मार्चमध्ये त्सुरुगापर्यंत वाढवण्यात आली, आणि तेव्हापासून कानाझावाहून क्योतोला जाताना तेथे गाडी बदलावी लागते. शिंकान्सेनचा फलाट वर आणि क्योतोची एक्सप्रेस खाली, मध्ये आठ-दहा मिनिटे. गाडीभर माणसे एकदम उतरून त्याच जिन्यांकडे वळतात. मोठ्या बॅगा असत्या, तर मैत्री शाबूत राहिली असती की नाही, सांगता येत नाही.

खोलीच्या बाबतीत एक बारकावा सांगण्यासारखा आहे. तेथील मध्यम दराच्या हॉटेलांत ‘डबल’ म्हणजे एकच पलंग, आणि तोही पुष्कळदा जेमतेम १४० सेंटिमीटर रुंद असतो. दोन वेगळे पलंग हवे असल्यास ‘ट्विन’ खोली मागावी लागते. दरातला फरक किरकोळ असतो.

खाण्याचा प्रश्न मात्र रोजचा होता. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेले दाशी हे बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाच्या पातळ कापांपासून करतात, आणि ते नूडल्सच्या रश्शात, भाजीच्या रश्शात, अंड्यात, बुडवून खायच्या चटणीतही असते. समोरच्या वाडग्यात मासा दिसत नाही म्हणून तो पदार्थ शाकाहारी आहे, असे समजता येत नाही. मांस, मासे आणि माशांचे दाशी चालत नाही, असे जपानीत लिहिलेला कागद आम्ही बरोबर ठेवला होता, आणि तो वाचून अनेक ठिकाणी आम्हांला अत्यंत नम्रपणे नकार मिळाला. टोकियोत पहिल्याच संध्याकाळी मी तिच्या उदोनच्या, म्हणजे जाड नूडल्सच्या, रश्शाबद्दल शंका काढली, तेव्हा ती म्हणाली, “अगं, तू हे मला कळू दिलं नसतंस तर मी सुखानं जेवले असते.” पुढे तिने वाडगा बाजूला सारला आणि आम्ही दुसरी सोय शोधली.

ती सोय म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरची चोवीस तास उघडी दुकाने. तेथे शिजवलेल्या पांढऱ्या भाताची पाकिटे मिळतात आणि ती दुकानातच गरम करून देतात. तिने घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि खाकरे आणले होते. मांसाचे पदार्थ जपानमध्ये नेता येत नाहीत, या कोरड्या पदार्थांना मात्र अडचण आली नाही. कानाझावा हे मासळीसाठी प्रसिद्ध असलेले गाव. ओमिचो बाजारात मी यथेच्छ मासे खाल्ले, आणि तिने रात्री खोलीवर मेतकूट-भात खाल्ला. क्योतोत तिची भरपाई झाली. अराशियामाच्या तेन्र्यूजी मंदिराच्या आवारातील उपाहारगृहात बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतले शोजिन जेवण मिळते, ज्यात दाशी माशांऐवजी समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या मशरूमचे असते. तिळाचे घट्ट तोफू, वाफवलेल्या भाज्या, भात, लोणची. ती इतक्या सावकाश जेवली की मलाच घाई झाली.

कानाझावाची केनरोकुएन, ओकायामाची कोराकुएन आणि मितोची काइराकुएन या जपानच्या तीन श्रेष्ठ बागा मानल्या जातात. केनरोकुएनमध्ये १ नोव्हेंबरपासून झाडांना दोर बांधण्यास सुरुवात होते. पाइनच्या शेजारी उंच खांब उभारून त्याच्या टोकापासून छत्रीच्या काड्यांसारखे दोर खाली फांद्यांना बांधतात, जेणेकरून ओल्या, जड बर्फाने त्या मोडू नयेत. माझ्या मैत्रिणीला बागेत रस नाही. पण त्या दोरांची बांधणी पाहण्यात ती माझ्यापेक्षा अधिक रमली.

कोराकुएन मूळ तक्त्यात नव्हती. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे, ज्याचा आराखडा कोराकुएनवरून घेतलेला आहे, आणि तेथे फिरायला जाणाऱ्या माझ्यासारखीने मूळ बाग न पाहता तिच्या स्थानकावरून पुढे जाणे मला पटेना. क्योतो ते हिरोशिमा या वाटेवरच ओकायामा लागते. मूळ भाड्याचे तिकीट १०० किलोमीटरपेक्षा लांबचे असेल, तर साधारणपणे वाटेत उतरून पुढे जाता येते. फक्त शिंकान्सेनचे अधिभार तिकीट दोन टप्प्यांचे वेगळे काढावे लागते. काउंटरवरच्या माणसाला नकाशावर बोट ठेवून सांगितले आणि काम झाले. इ. स. १७०० मध्ये पूर्ण झालेली ती सुमारे १३ हेक्टरची बाग, तिच्यातली विस्तीर्ण हिरवळ आणि मागे दिसणारा काळा किल्ला पाहताना मला पुण्यातले वळणदार पाणी आणि पूल ओळखीचे वाटत राहिले. हिरवळीवर पाय पडताच वाजणारी पुण्याची शिट्टी तेवढी नव्हती.

हिरोशिमाबद्दल फार लिहीत नाही. यान लेत्झेल या चेक वास्तुरचनाकाराने उभारलेली, १९१५ मध्ये पूर्ण झालेली प्रदर्शनाची इमारत ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी झालेल्या स्फोटानंतर जशी उरली तशीच नदीकाठी राखलेली आहे. संग्रहालयात मुलांचे कपडे आणि डबे आहेत. त्या दिवशी दुपारनंतरचे सारे बेत आम्ही रद्द केले. असा दिवस आखताना संग्रहालयानंतर काहीही ठेवू नये.

खर्चासाठी आम्ही सुरुवातीलाच सारखी वर्गणी काढून एक सामाईक पाकीट केले होते. त्यातून जेवण, स्थानिक प्रवास आणि प्रवेशशुल्क. खरेदी आणि वेगळ्या दिवसांचा खर्च ज्याचा त्याने. स्थानिक गाड्यांसाठी लागणारे कार्ड मात्र प्रत्येकीचे स्वतंत्र असावे लागते, कारण एका कार्डावर दोघींना फाटक ओलांडता येत नाही. क्योतोचा केवळ बससाठीचा एक दिवसाचा पास आता बंद झाला असून, भुयारी रेल्वे आणि बस मिळून असलेला १,१०० येनचा पास मिळतो. गर्दीच्या आठवड्यात रेल्वेने जवळ जाऊन उरलेले अंतर चालणेच जलद पडते.

वेगळ्या दिवसांपैकी पहिल्या दिवशी मी नाराला गेले. तेथील तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन-विधी इ. स. ७५२ मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हातून झाला होता. ती क्योतोच्या निशिजिन भागात विणकामाचे माग पाहत हिंडली, आणि संध्याकाळी दोघींनाही सांगण्यासारखे पुष्कळ होते, जे सकाळपासून एकत्र फिरलेल्या दिवशी नसे.

ओसाकाला विमानतळावर पाकिटात नोटांपेक्षा नाणीच जास्त निघाली. परदेशी नाणी इकडे बँका बदलून घेत नाहीत, आणि ५०० येनच्या एका नाण्यात दुकानातले साधे जेवण येते, त्यामुळे ती टाकवेनात. पाण्याच्या बाटल्या, भाताचे त्रिकोणी गोळे आणि चहाची पाकिटे घेऊन आम्ही ती जवळपास संपवली, उरलेल्या नोटा अर्ध्या-अर्ध्या केल्या, आणि तिच्याकडे वीस येन जास्त गेले ते तसेच राहिले.