दहा ग्रॅम साखरेतून किती डेक्स्ट्रान? माझा अनुभव

आमचं शेत निफाड तालुक्यात. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस पडून राहिला की रसाला तार सुटते, हे वडिलांकडून लहानपणापासून ऐकत आले. ती तार म्हणजे डेक्स्ट्रान, ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी, आणि ती तयार करणारा जीवाणू ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स, हे नाशिकला एम.एस्सी. करताना कळलं. साखर कारखान्यात डेक्स्ट्रानमुळे रस गाळणं अवघड होतं, साखरेचे दाणे लांबट होतात. पण शुद्ध करून, त्याच्या साखळ्या हव्या तेवढ्या आखूड केल्या की तेच शिरेतून देऊन रक्ताचं घटलेलं आकारमान भरून काढता येतं. प्रोजेक्टला हाच विषय मी मागून घेतला.

रसवंतीवरून रस आणून साखर घातलेल्या आगारवर (जीवाणू वाढवायच्या जेलीवर) पसरवला. दोन दिवसांत चकचकीत, बुळबुळीत वसाहती आल्या. ग्लुकोजच्या आगारवर त्याच वसाहती साध्या दिसल्या, तेव्हा जीव भांड्यात पडला. कारण या जीवाणूचं डेक्स्ट्रानसुक्रेज हे विकर (एन्झाइम) सुक्रोजच, म्हणजे आपली नेहमीची साखरच, फोडतं. ग्लुकोज साखळीला जोडतं आणि फ्रुक्टोज सोडून देतं.

पुढचे तीन आठवडे मात्र वाया गेले. मी फ्लास्क 37 अंशांवर शेकरला, म्हणजे हवा मिळावी म्हणून सतत हलवणाऱ्या यंत्राला, लावत होते. द्रव गढूळ व्हायचा, तार काही येईना. झँथन या जीवाणूंपासूनच मिळणाऱ्या दुसऱ्या डिंकाला भरपूर हवा लागते, म्हणून इथेही लागणार असं मी धरून चालले होते. या जीवाणूला तशी गरज नाही, आणि 30 अंशांच्या वर हे विकर लवकर निकामी होतं. 25 अंशांवर, न हलवता ठेवलेला फ्लास्क दुसऱ्या दिवशी तिरका केला, तर द्रव मधासारखा सरकला.

थंडगार अल्कोहोल ओतल्यावर पांढरा चिकट गोळा काचकांडीला गुंडाळत आला. वाळवून वजन भरलं 6.1 ग्रॅम, तेही 10 ग्रॅम साखरेतून! मी धावतच मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "अगं, आधी रेणुभार मांडून बघ." सुक्रोजचा 342, साखळीत बसणाऱ्या ग्लुकोजचा 162. म्हणजे 10 ग्रॅममधून फार तर 4.7 ग्रॅम. वरचं सगळं गोळ्यात अडकलेलं फ्रुक्टोज, उरलेली साखर आणि जीवाणूंच्या पेशी. फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाच्या परीक्षेवर विसंबले असते तर हे लक्षातही आलं नसतं, कारण ती सगळ्याच शर्करा मोजते.

मग नवा फ्लास्क लावला. घट्ट द्रवातून पेशी खाली बसत नाहीत, म्हणून आधी पाणी घालून पातळ केला आणि सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून पेशी वेगळ्या केल्या. अल्कोहोलने गोळा काढायचा, पाण्यात विरघळवायचा, पुन्हा काढायचा, असं तीनदा. या वेळी भरलं 2.9 ग्रॅम.

दोन्ही भुकट्यांची सेलिवानॉफ परीक्षा (फ्रुक्टोज असेल तर लाल रंग देणारी) शेजारी शेजारी केली. पहिल्या नळीत फ्रुक्टोजचा गडद लाल रंग चढला. दुसरी तशीच राहिली.