एक शाफ्ट लांब, एक आखूड

मागच्या रविवारी आमची जुनी मारुती ८०० घेऊन नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या मिस्त्रीकडे गेलो होतो, यू-टर्न घेताना पुढच्या चाकातून कटकट आवाज येऊन राहिला होता. रबरी बूट फाटून जॉइंटमधलं ग्रीस सगळं उडालेलं. चूक माझीच, सहा महिने उद्या बघू उद्या बघू करत होतो. मिस्त्रीने पुढची चाकं फिरवणारे दोन्ही शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडे, काढून पोत्यावर ठेवले तर एक लांब अन् एक आखूड! म्हटलं आधी कोणी चुकीचा तर नाही ना बसवला? तो म्हणे, "असंच असते भाऊ, या गाड्यांचं."

झालं, डोक्यात किडा शिरला. घरी येऊन वाचत बसलो तर गोष्ट थेट इटलीत, तुरिनला पोचली. फियाटचा इंजिनिअर दान्ते जाकोसा. १९३६ ची टोपोलिनो गाडी यानेच केली, १९५७ ची इवलुशी फियाट ५०० पण याचीच. पण माझ्या मते याचं खरं मोठं काम म्हणजे १९६९ ची फियाट १२८, अन् तिचं नाव आपल्याकडे कोणी घेत नाही.

आपली पद्मिनी आठवा. इंजिन पुढे, गाडीच्या लांबीत उभं, ताकद मागच्या चाकांना, म्हणून मधून तो लांब शाफ्ट अन् मागच्या सीटसमोर उंचवटा, त्यावर पाय ठेवून बसायचं काम घरातल्या सगळ्यात लहान पोराचं, म्हणजे माझं. इंग्रजांच्या मिनी गाडीने १९५९ मध्ये इंजिन आडवं टाकून पुढचीच चाकं फिरवली, जागा भरपूर वाचली, पण गिअरबॉक्स इंजिनच्या पोटाखाली घातला अन् दोघांना तेल एकच. जाकोसाने गिअरबॉक्स इंजिनच्या बाजूला, एका ओळीत लावला. आता हे सगळं दोन चाकांच्या मधे मावायला पाहिजे ना! त्यासाठी क्लच दाबायची यंत्रणा एकदम आटोपशीर केली. अन् गिअरबॉक्स एका बाजूला गेला म्हणून एका चाकाचा शाफ्ट आखूड, दुसऱ्याचा लांब. एवढंच गणित.

फियाटवाल्यांची मात्र हिंमत होत नव्हती. म्हणून १९६४ मध्ये ही रचना आधी ऑटोबियांकी या छोट्या ब्रँडच्या प्रिमुला गाडीत घालून पाहिली, फसलं तर बदनामी फियाटची नको, असा सगळा हिशोब. गंमत म्हणजे प्रिमुलात इंजिन होतं फियाट ११००डी चं, १२२१ सीसीचं, म्हणजे आपल्या पद्मिनीच्याच खानदानातलं. पाच वर्षांनी १२८ आली, तिला १११६ सीसीचं नवं इंजिन ऑरेलियो लाम्प्रेदीने केलं, जो आधी फेरारीची इंजिनं बनवायचा! रेडिएटर समोर, त्याला विजेवरचा पंखा. १९७० चा युरोपातला कार ऑफ द इयर मान तिलाच मिळाला. मग १९७४ ची फोक्सवॅगनची गोल्फ तशीच, अन् १९८३ च्या डिसेंबरात आपली ८०० आली ती पण तशीच. आज वर्धा रोडला उभं राहून छोट्या गाड्या मोजा, जवळपास सगळ्यांच्या बोनेटखाली हीच मांडणी.

संध्याकाळी गाडी आणायला गेलो तेव्हा हे सगळं मिस्त्रीला ऐकवलं, त्याने चहा संपेपर्यंत शांतपणे ऐकलं अन् म्हणे, "ते सगळं बरोबर आहे भाऊ, पण त्याला म्हणा हात घालायला थोडी जागा ठेवायची होती."